‘नवे औषध’ : पहिला आणि शेवटचा प्रयोग

संपादकबाईंचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. म्हणाल्या, “दामलेकाका, यंदाचा आमचा दिवाळी अंक वैद्यकीय नीतिमत्तेवर आहे. तुमचा लेख हवाच.” म्हटलं, बाई, मी डॉक्टर नव्हे, कंपाउंडर. जन्मभर बाटल्या भरल्या. नीतिमत्ता आमच्या दवाखान्यात वरच्या कपाटात असायची आणि किल्ली डॉक्टरांकडे. तर म्हणतात, “म्हणूनच तुम्ही हवेत. डॉक्टरांचे सहा लेख आलेत, सगळे सारखेच थोर आहेत.” बाई हुशार आहेत. साबण गालावर वाळला, पण मी हो म्हणून बसलो.

ठाण्यातल्या एका धर्मादाय दवाखान्यात मी स्वातंत्र्याच्या सुमारास लागलो. दवाखान्याचं नाव सांगत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील, आणि ज्यांनी ओळखलं तर पंचाईत व्हायची ते आता हयात नाहीत.

हल्लीच्या पोरांना कंपाउंडर म्हणजे काय ते समजावून सांगावं लागतं. तेव्हा औषध पाकिटातून येत नसे. डॉक्टर पुढे बसून चिठ्ठी लिहायचे, मी मागच्या खिडकीत बसून ते औषध तयार करायचो. खलात पूड घोटायची, कागदाच्या पुड्या बांधायच्या, मिक्श्चर कालवायचं. बाटली पेशंटनं घरून आणायची. त्यामुळे तेलाच्या, शाईच्या, क्वचित नको त्या वासाच्या बाटल्याही यायच्या आणि त्या विसळायचं काम माझ्याकडे. भरलेल्या बाटलीला एका अंगानं कागदाची पट्टी चिकटवायची आणि त्या पट्टीला कातरीनं दाते पाडायचे. एक दाता म्हणजे एक डोस. माझ्या पट्टीचे दाते इतके सारखे असत की कळव्यापासून कल्याणपर्यंत कुठल्याही घरातली बाटली लांबून बघून मी सांगितलं असतं, ही माझी. डॉक्टर बदलले, विश्वस्त बदलले, पट्टी तशीच राहिली. एवढी फुशारकी मारू द्या.

आमचे डॉक्टर प्रधान विलायतेहून शिकून आलेले. माणूस स्वच्छ, बुटांना पॉलिश, बोलणं मोजकं. पण ठाण्यात दवाखाना चालवायचा म्हणजे विलायत गुंडाळून ठेवावी लागते हे त्यांना महिन्याभरात कळलं. अर्ध्या पेशंटांना काहीच झालेलं नसायचं. त्यांच्या चिठ्ठीवर डॉक्टर दोनच अक्षरं लिहीत, ‘रं. पा.’ म्हणजे रंगीत पाणी. पाणी, चिमूटभर साखर, पेपरमिंटचा थेंब आणि लाल रंग. ते मी पूर्ण गांभीर्यानं तीनदा हलवून द्यायचो.

अण्णा सबनीस म्हणून कोर्टातले एक पेन्शनर शिरस्तेदार होते. आयुष्य कागदपत्रं वाचण्यात गेलेलं, त्यामुळे त्यांनी एकदा चिठ्ठी उलटी धरून वाचलीच. “दामले, हे रं. पा. काय आहे?” मी क्षणभरही न अडखळता म्हणालो, “रंगून पाचक.” कुठून सुचलं देव जाणे. अण्णांचा चेहरा उजळला. पुढच्या आठवड्यात निम्मी पेन्शनर मंडळी खिडकीशी उभी, रंगून पाचक द्या म्हणून. डॉक्टरांनी मला आत बोलावलं. म्हटलं, गेली नोकरी. डॉक्टर म्हणाले, “दामले, जांभळ्या रंगात करता येईल का बघा. एकाच रंगाला लोक विटतात.”

आता हे खोटं बोलणं होतं का? होतंच. मला त्याचं काही वाटलं का? डोंबलाचं वाटतंय. अण्णांना दर आठवड्याला बरं वाटायचं.

पन्नास सालाच्या आगेमागे डॉक्टरांच्या डोक्यात संशोधनानं घर केलं. मुंबईच्या एका औषध कंपनीनं क्षयावर नवी गोळी काढली होती आणि ती दवाखान्या-दवाखान्यांतून पारखून घ्यायची होती. क्षय म्हणजे काय होतं ते आज सांगून कळायचं नाही. घरात कोणाला झाला तर शेजाऱ्यांना सांगायचं, ‘जुना खोकला आहे.’ मुलीचं लग्न मोडायचं, बिऱ्हाड सोडावं लागायचं. उपाय म्हणजे अंडी, दूध, हवा आणि नशीब. इंजेक्शनं निघाली होती, पण ती आमच्या पेशंटांच्या आवाक्यातली नव्हती. म्हणून नवी गोळी म्हटल्यावर माझ्याही अंगावर काटा आला.

कंपनीनं दोन डबे पाठवले. एकावर ‘क’, एकावर ‘ख’. एकात खरी गोळी, दुसऱ्यात हुबेहूब तशी दिसणारी खोटी. अर्ध्या पेशंटांना ही, अर्ध्यांना ती, आणि कोणाला कोणती ते सांगायचं नाही. डॉक्टरांनी मला समजावलं की माणूस गोळी घेतली एवढ्यानंच बरं वाटून घेतो; तेवढा भाग वजा केला की औषधाची खरी करामत कळते.

मी म्हटलं, “म्हणजे हे रं. पा.च झालं.”

“दामले,” डॉक्टर म्हणाले, “ते औषधपाणी होतं. हे शास्त्र आहे.”

शास्त्र म्हटलं की समिती आली. कंपनीचीच अट होती. समितीत तिघे. एक डॉक्टर स्वतः. दुसरे प्रोफेसर भिडे, तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेले, कल्याणला राहायचे. तिसरे नानासाहेब, दवाखान्याचे विश्वस्त, ज्यांच्या वडिलांचं नाव दाराच्या संगमरवरी पाटीवर होतं. माझं अक्षर चांगलं म्हणून सभेचं इतिवृत्त माझ्याकडे. त्यामुळे नीतिशास्त्राचं माझं सगळं शिक्षण त्या टेबलाच्या कोपऱ्यावर झालं, हातात टाक आणि पुढ्यात खारी बिस्किटं.

डॉक्टरांचं तत्त्व सोपं होतं. ज्यात जास्त लोकांचं भलं ते बरोबर. त्यांना पुढच्या काळातले हजारो पेशंट अगदी स्पष्ट दिसत. बाकावर बसलेले चाळीस जरा अंधूक दिसत. प्रोफेसर म्हणत, परिणाम गेले खड्ड्यात, कर्तव्य ते कर्तव्य. माणसाला कधीही साधन म्हणून वापरू नये. हे म्हणताना ते न बघता कप माझ्यापुढे करत आणि मी तो भरत असे. नानासाहेबांना दोन्ही पटायचं. त्यांचं म्हणणं, माणसं सज्जन असली की झालं, सगळं आपोआप नीट होतं; आणि आपण तिघे तर सज्जनच आहोत. यावर कधी मतदान घ्यावं लागलं नाही.

पहिल्या दोन सभा एका शब्दावर गेल्या. या प्रकाराला मराठीत म्हणायचं काय? ‘परीक्षा’ नको, लोक नापास व्हायला घाबरतील. नानासाहेब स्वतः मॅट्रिकला दोनदा थांबलेले होते. ‘आजमावणी’ला प्रोफेसरांचा विरोध, शब्द फारसी वळणाचा. ‘चाचणी’ डॉक्टरांना हलका वाटला. शेवटी ‘प्रयोग’ ठरला. संस्कृत, भारदस्त, शास्त्रशुद्ध. एकमतानं मंजूर.

मग जाहिरातीचा प्रश्न आला. पेशंटांना पोस्टकार्डं टाकायची आणि दाराशी फलक लावायचा. पण पोस्टकार्डावर ‘क्षय’ लिहायचं कसं? पोस्टमन वाचणार, शेजारी वाचणार, आणि त्या फलकाखाली उभं राहायला कोण येणार? नानासाहेब म्हणाले, तो शब्दच गाळा. तसा गाळला. प्रोफेसर म्हणाले, भाग घेणं ऐच्छिक आणि विनामूल्य आहे हे स्पष्ट असलं पाहिजे. तसं स्पष्ट केलं. मजकूर असा झाला आणि मी तो लाल-निळ्या अक्षरांत झोकात रंगवला: ‘नवे औषध. येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता दवाखान्याच्या आवारात प्रयोग. प्रवेश विनामूल्य. इच्छुकांनी लवकर येऊन नावे नोंदवावीत.’

तिघांनी वाचला, तिघांनी मान डोलावली. मीही वाचला. मीही ठाण्यातच वाढलेला, नाटकाच्या रात्री रांगेत उभा राहिलेला, आणि माझ्याही डोक्यात प्रकाश पडला नाही.

रविवारी आठ वाजताच आवार फुल्ल. आमचे चाळीस पेशंट होतेच, पण त्यांच्याबरोबर बायका, पोरं, शेजारी, सतरंज्या आणि फडक्यात बांधलेल्या दशम्या. अण्णा सबनीस पहिल्या बाकावर उपरणं टाकून जागा धरून बसलेले. मला बघून म्हणाले, “दामले, संगीत आहे की गद्य? नाव तर सामाजिक वाटतंय.”

मी मान वळवून माझाच फलक पुन्हा वाचला.

डॉक्टर बाहेर आले, गर्दी बघितली आणि त्यांचे डोळे भरून आले. जनतेत शास्त्राची एवढी ओढ आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते भाषण करायला उभे राहिले. मला म्हणाले, “तुम्ही तोवर नावं घ्या, अनुक्रमांक द्या.” मी वही उघडली आणि आलेल्या पेशंटांना एक, दोन, तीन असे नंबर देत गेलो. लोकांना वाटलं, खुर्चीचे नंबर.

तीन नंबर वैशंपायन मास्तरांना मिळाला. डोंबिवलीच्या शाळेत शास्त्र शिकवायचे. चाळिशीचे असतील, उंच, कोट खांद्यावर लोंबकळलेला. दर वेळी बाटली धुऊन, वाळवून आणणारा आमच्याकडचा हा एकमेव पेशंट. चोवीस नंबर चांगुणाला गेला. चांगुणा कळव्याची कोळीण, मासळी विकायची, दोन लहान मुली घरी. खोकल्यानं बरगड्या वर आल्या होत्या पण आवाज बाजारातला तो बाजारातला.

“चोवीस? इतक्या मागनं मना काय दिसनार? पुढचा नंबर दे.”

“अगं बाई, इथे दिसायचं काही नाहीये.”

“मंग पुढचा द्यायला तुजा काय जाते?”

मी काही बोलायच्या आत मास्तर उठले. “दामले, माझा तीन नंबर त्यांना द्या. मला मागे बसलेलं चालतं. उंच आहे मी, दिसेल.” आणि हसले. मीही हसलो, वहीत तीन नंबरावर चांगुणा लिहिलं आणि चोवीसवर वैशंपायन. माझ्या हातचं फार सुंदर अक्षर आहे ते.

मग संमती घ्यायची होती. प्रोफेसरांनी आग्रहानं वाक्य घातलं होतं: ‘मी स्वखुशीने या प्रयोगात भाग घेत आहे.’ मी ते मोठ्यानं वाचल्यावर चांगुणा दचकली. “मना पार्टबिर्ट जमनार नाय रं कंपोंडर. मी बगाला आयले.” मोठ्या मुश्किलीनं तिचा अंगठा उठवला.

खोटी गोळी आहे हे लोकांना सांगायचं की नाही, यावर समितीत आधी खडाजंगी झाली होती. प्रोफेसर म्हणत सत्य लपवता येणार नाही, डॉक्टर म्हणत सांगितलं तर प्रयोग फुकट. तोडगा निघाला की सत्य सांगायचं, पण शास्त्रीय भाषेत. प्रोफेसरांनी उभं राहून वाचलं, “उभय गटांपैकी एकास सक्रिय व अन्य गटास निष्क्रिय द्रव्य देण्यात येईल.” सगळ्यांनी माना डोलावल्या. मागून कोणीतरी विचारलं, त्यातलं दुसरं मिळेल का, नाव भारी वाटतंय. प्रोफेसर खाली बसले आणि मला म्हणाले, “इतिवृत्तात घ्या, संपूर्ण माहिती देण्यात आली.” मी घेतलं.

नाटक नाही म्हटल्यावर बाकीची मंडळी कुरकुरत उठली. अण्णा जाताना म्हणाले, “पहिला अंक लांबला.” पेशंट तेवढे राहिले, कारण फुकट गोळी होती आणि दुसरी कुठलीच आशा नव्हती. तेव्हा डॉक्टरांनी जाहीर केलं: विषम नंबरांना ‘क’ डबा, सम नंबरांना ‘ख’.

दर रविवारी यायचं, वजन करायचं, आठवड्याच्या सात गोळ्यांची पुडी न्यायची. डॉक्टर डब्यातल्या गोळ्या मोजून मला देत, एक कमी नाही, एक जास्त नाही. कोणता डबा खरा ते त्यांनाही माहीत नव्हतं, कंपनीकडे लखोट्यात बंद होतं. पण कंपाउंडरला जीभ असते. औषध तयार करताना बोटाला लागलेलं जिभेला लावायची आमची सवय. वाईट, पण धंद्याची. पहिल्याच रविवारी पुड्या बांधताना गोळ्यांचा चुरा बोटाला लागला. ‘क’ आरपार कडू, नाव न घेता येण्याजोगी कडू. ‘ख’वर कडू लेप, आणि आत चक्क खडू.

मी वही उघडली. सम नंबर म्हणजे खडू. चोवीसवर माझ्या सुंदर अक्षरात वैशंपायन.

आधी मी स्वतःची समजूत घातली. कदाचित नवी गोळीच कुचकामी असेल, मग खडू काय नि ती काय. पण महिना, दीड महिना गेला आणि विषम नंबरांची वजनं वाढायला लागली. चांगुणा काट्यावर चढताना ओरडायची, “बग रं, सूप वाजल्यासारका खोकला व्हता, गेला.” टोपलीही उचलायला लागली होती. आणि मास्तर दर रविवारी पावशेर-पावशेर उतरत होते. काट्यावरून उतरताना ते माझे आभार मानत. याचा मला फार त्रास व्हायला लागला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी डॉक्टरांना सांगून तातडीची सभा बोलावली. कंपाउंडरनं सभा बोलावण्याची ती पहिली वेळ. म्हटलं, ‘ख’मध्ये खडू आहे, मी चाखलाय. गोळीचा गुण डोळ्यांनी दिसतोय. आता सगळ्यांना खरी द्या.

डॉक्टर आधी मी चाखली यावरच भडकले. मग म्हणाले, “दामले, अजून दोन महिने. आत्ता थांबलो तर कंपनी म्हणेल पुरावा अर्धवट आहे. मग ही गोळी अडेल, आणि हजारो लोक मरतील. त्याचं काय?” आता खरं सांगायचं तर माणूस खोटं बोलत नव्हता.

मी प्रोफेसरांकडे बघितलं. म्हटलं, माणूस साधन नव्हे असं तुम्हीच म्हणालात ना? “निःसंशय,” प्रोफेसर म्हणाले. “पण दिलेला शब्द पाळणं हेही कर्तव्य. आपण कंपनीला शब्द दिलाय. शिवाय या लोकांनी स्वखुशीनं संमती दिली आहे.”

“साहेब, त्यांनी नाटकाची जागा म्हणून अंगठा दिलाय.”

“त्यांचा गैरसमज झाला असेल. आपला हेतू शुद्ध होता.”

नानासाहेब म्हणाले, “दामले, आपण इथे कोणीही वाईट नाही. मग वाईट कसं होईल?” आणि बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली. मी इतिवृत्तात लिहिलं: साधकबाधक चर्चा होऊन विषय पुढील सभेवर ठेवला.

पुढच्या रविवारी वजन झाल्यावर मी मास्तरांना म्हटलं, जरा चला माझ्याबरोबर. तलावपाळीवर एका बाकावर बसलो. सकाळची वेळ, ऊन कोवळं होतं. त्यांना दम लागला होता तो खाली बसेपर्यंत मी थांबलो.

“मास्तर, तुमची गोळी,” एवढंच मी बोललो.

“खडू आहे,” मास्तर म्हणाले.

“तुम्हाला कसं कळलं?”

“अहो, वीस वर्षं फळ्यापुढे उभा आहे. मला वरणभातातसुद्धा खडू लागतो. पहिल्याच दिवशी कळलं. वरून कडू, आतून खडू. खडूही बरा नाही, भेसळीचा.” आणि हसताना त्यांना ढास लागली.

“मग बोलला का नाहीत?”

“आधी वाटलं, सगळ्यांनाच खडू असेल. धर्मादाय काम. मग त्या चांगुणाबाईंचं वजन वाढायला लागलं, तेव्हा हिशोब लागला. सम, विषम.”

मी ठरवून आलो होतो ते सांगून टाकलं. पुढच्या रविवारपासून मी त्यांच्या पुडीत खरी गोळी घालणार. समिती गेली उडत.

मास्तरांनी विचारलं, “कोणाच्या पुडीतून काढणार?”

गोळ्या मोजून मिळतात हे त्यांनाही दिसत होतं. मी म्हटलं, “तीन नंबरच्या. तो नंबर तुमचाच होता.”

“होता. मी दिला.”

“मास्तर, तुम्ही नाटकातली जागा दिलीत. औषध नाही दिलंत.”

“दिलं ते दिलं, दामले. मोल कळल्यावर परत मागायचं, हे मला जमायचं नाही. तिला दोन मुली आहेत.”

“आणि तुम्हाला वहिनी आहेत. मग दुसऱ्या कोणाच्या पुडीतून काढतो.”

“त्यानं काय केलंय?”

मला संताप आला. अजून येतो. एवढा शहाणा माणूस, शास्त्राचा मास्तर, आणि समितीतल्या तिघांना जे जमलं नाही ते हा तलावपाळीवर खोकत खोकत करून दाखवत होता, आणि ते करून मरणार होता. मी भांडलो. चांगलं अर्धा तास भांडलो. ते ऐकत होते, मधूनमधून मान डोलवत होते, एखाद्या मुलाचं उत्तर जवळपास बरोबर असलं की मास्तर डोलवतात तशी. शेवटी म्हणाले, “एक करा. हिला काही सांगू नका. ती रोज सकाळी कोमट पाण्याबरोबर स्वतः गोळी देते. तेवढी एकच गोष्ट तिच्या हातात आहे.”

मी हो म्हटलं. आणि पुडीत खडूच घालत राहिलो.

इथे मला थांबून लिहावं लागतंय. मी जन्मभर लोकांना न विचारता त्यांच्या भल्यासाठी काय काय पाजलं. एकाच पेशंटला, एकदाच, समोर बसवून विचारलं, की बाबा, तुला काय हवंय, आणि त्यानं सांगितलं तसं वागलो. हल्ली याला संमतीचा आदर म्हणतात, संपादकबाईंनी पाठवलेल्या पत्रकात आहे. तेव्हा मी न विचारता खरी गोळी घातली असती तर? त्यांच्या जिभेला कळलं असतं, पण टाकून दिली नसती; गोळी फुकट घालवणारा माणूस नव्हता तो. आणि चांगुणाचं काय झालं असतं? तेही मला माहीत नाही. चाळीस वर्षं मी हे दोन्ही बाजूंनी करून बघतोय.

दोन महिन्यांनी प्रयोग संपला. लखोटा उघडला, ‘ख’ म्हणजे खडू हे सभेत अधिकृतपणे जाहीर झालं आणि सर्वांना खरी गोळी सुरू झाली. मास्तरांना ती दोन आठवडे मिळाली. तिसऱ्या रविवारी ते आले नाहीत. डॉक्टरांचा निबंध पुढे छापून आला, त्याची प्रत मी बघितली आहे. गोळी सिद्ध झाली होती, तिनं पुढे कितीतरी माणसं वाचली, हे मी नाकारत नाही. तक्त्यात शेवटून तिसऱ्या ओळीत होतं: ‘रुग्ण क्रमांक २४. अंतिम तपासणीस अनुपस्थित. कारण नोंदलेले नाही.’

मी डोंबिवलीला त्यांच्या घरी गेलो तो तेराव्यानंतर. दोन खोल्यांचं बिऱ्हाड, भिंतीवर खुंटीला तो कोट. वहिनींनी मला पाट दिला आणि समोर उंबऱ्याशी बसल्या. इकडचंतिकडचं बोलणं झालं. चांगुणा बरी आहे का, हे त्यांनी विचारलं. मास्तर तिच्याबद्दल घरी कौतुकानं बोलायचे म्हणे. मी म्हटलं, बरी आहे, धंदा सुरू केला तिनं.

मग त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागल्या.

“दामले, एक विचारू? कोणाजवळ बोलले नाही मी. गोळ्या मीच द्यायची. एकदा माझ्या भावाकडे वास्तुशांत होती. सकाळच्या गडबडीत मी विसरले. सबंध दिवस गोळी नाही. दुसऱ्या दिवशी दिली, पण हे काही बोलले नाहीत, मीही सांगितलं नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं ना, एकही चुकवायची नाही म्हणून?”

“हो.”

“त्या एका गोळीनंच घात केला असेल का हो?”

मास्तरांना मी शब्द दिला होता. मी एवढंच म्हणालो, “वहिनी, त्या गोळीनं काही म्हणजे काहीही फरक पडला नसता. शपथेवर सांगतो.”

त्यांनी डोळे पुसले, माझ्याकडे बघून किंचित हसल्या. म्हणाल्या, “हे म्हणायचे, दामले फार भला माणूस आहे. तुम्ही माझी समजूत घालताय, कळतंय मला.”

मग त्यांनी चहा टाकला आणि मी तो घेतला.